सप्ताह कमिटीला खुलं पत्र : यंदा फ्लेक्सवर माझा फोटो नको

रामकृष्ण हरी.

अध्यक्ष दादा, सचिव भाऊ, खजिनदार काकाजी, अन् फ्लेक्सचं काम पाहणारे सगळे पोट्टेहो,

येत्या शनिवारी सप्ताहाची मीटिंग आहे असा मेसेज ग्रुपवर आला आणि त्याच्या खालीच कोणीतरी टाकलं की ज्यांना फ्लेक्सवर फोटो पाहिजे त्यांनी हजार रुपये अन् एक चांगला फोटो रविवारपर्यंत जमा करावा. मी तो मेसेज वाचला आणि लगेच गॅलरी उघडून फोटो शोधायला लागलो, साळ्याच्या लग्नातला फेटावाला बरा दिसेल की कुर्त्यावाला, कुर्त्यावाल्यात पोट दिसते म्हणून तो कापून पाहिला, मग गंध बरोबर दिसत नव्हतं म्हणून तिसरा शोधला. पंधरा मिनिटं गेली असतील. बायको म्हणे काय शोधून राहिले येवढं, मी म्हटलं सप्ताहाचं काम आहे. तिनं वाकून स्क्रीनवर पाहिलं, काही बोलली नाही, हसली अन् भाकरी टाकायला निघून गेली. त्या हसण्यापायी हे पत्र लिहून राहिलो.

आधीच सांगतो, मी रुसलेलो नाही. चावडीवर चर्चा होईल की याचा फोटो बारीक आला होता म्हणून हे नाटक. दोन वर्षांआधी रुसलो होतो, ते खरं आहे. माझा फोटो खालच्या लाईनीत गेला होता आणि अर्ध्या तोंडावर कृषी केंद्राच्या जाहिरातीतलं कपाशीचं बोंड आलं होतं. त्या वर्षी काल्याच्या दिवशी मी आलो नाही, सगळ्यांना सांगितलं ताप आहे. ताप नव्हता. वावरात बसून होतो दिवसभर धुऱ्यावर, अन् काल्याचं कीर्तन भोंग्यातून तिथपर्यंत ऐकू येत होतं. देवावर रुसलो होतो की फ्लेक्सवाल्यावर, हे तेव्हा स्वतःलाही विचारलं नाही.

गावाचं नाव लिहीत नाही. दर्यापूरच्या अल्याड-पल्याड, खारपाणपट्ट्यातलं, ज्याला समजायचं त्याला समजेल. चौदा वर्षं झाली मी या सप्ताहात आहे, मंडपाचे बांबू उचलण्यापासून सुरुवात केली अन् आता माईकवर बसतो, म्हणून जे लिहितो ते आतलं आहे, बाहेरून नावं ठेवणाऱ्यातला मी नाही.

पहाऱ्याचा तक्ता आठवा. मंदिराच्या भिंतीवर दरवर्षी चिकटवतो आपण, दोन-दोन तासांचे बारा पहारे, सात दिवस वीणा खाली टेकवायची नाही, एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात. आता त्या तक्त्यावर माझं नाव कुठं असते? संध्याकाळी सहा ते आठ. दरवर्षी. हरिपाठाची वेळ, पूर्ण गाव मंदिरात, बाया-माणसं, बाहेरगावचे पाहुणे, मधात मी उभा, इस्त्रीचा कुर्ता, डोळे मिटलेले. (पूर्ण मिटलेले नसतात. कोण आलं कोण गेलं बरोबर दिसते.) अन् रात्री दोन ते चार कोण असते? खालच्या पुऱ्यातले तेच एक बुढे बाबा. सत्तरी उलटली. त्यांनी कधी तो पहारा मागितला नाही, कोणी घेत नाही म्हणून त्यांच्या नावानं पडला अन् मग पडूनच राहिला.

मागच्या सप्ताहात पाचव्या दिवशी त्यांच्या नातीला तालुक्याला दवाखान्यात न्यावं लागलं. रात्री अकरा वाजता सचिव भाऊचा मला फोन, आज दोन ते चार तू सांभाळ. नाही म्हणता आलं नाही.

मंडपात एक बल्ब. आचारी कढईच्या बाजूला पांघरूण घेऊन पडलेले, दोन टाळकरी होते त्यांनीही थोड्या वेळात सतरंजीवर अंग टाकलं. थंडी अशी की वीणेची तार बोटाला चावत होती. पहिले वीस-पंचवीस मिनिटं जोरात म्हटलं, रामकृष्ण हरी, रामकृष्ण हरी. मग आवाज उतरला. मग नुसते ओठ हलत होते. मग तेही नाही, बोट तेवढं तारेवर फिरत होतं. संध्याकाळी सहा वाजता जो माझा गळा फुटते, लोक म्हणतात काय आवाज आहे भाऊचा, तो गळा कुठं गेला होता कोणास ठाऊक. समोर विठ्ठल-रुक्माई, मधात कोणी नाही, अशी संधी वर्षात कधी मिळत नाही, आणि मला बोलायलाच काही सुचत नव्हतं. लाज वाटण्याआधी मला कंटाळा आला. मग डाव्या हातानं खिशातून मोबाईल काढला. बल्ब मागून येत होता म्हणून थोडा सरकलो, मूर्तीही आली पाहिजे, वीणाही आली पाहिजे, अन् चेहऱ्यावर भाव. भाव यायला तीन फोटो लागले. चौथा फेसबुकवर टाकला : रात्रीचे तीन, वीणेचा पहारा, माऊलीची सेवा. आणि मग दर दोन मिनिटांनी पाहू लागलो की कोणी पाहिलं का. रात्री सव्वातीन वाजता कोण पाहणार बाप्पा? एकच लाईक आलं, पुण्यात कंपनीत नाईट शिफ्टला असलेल्या भाच्याचं. तेवढ्यानंही बरं वाटलं, हे सांगायलाच पाहिजे. वाटलं अजून एक काढावा, पाय दिसले पाहिजे, अनवाणी उभा आहो ते.

मागून आवाज आला, "फोटो झाले असन तं वीना दे माह्या गळ्यात."

बाबा दवाखान्यातून कोणाच्यातरी गाडीवर बसून सरळ मंदिरात आले होते. घरी गेलेच नव्हते. मी म्हटलं बाबा आराम करा, मी आहो चारपर्यंत. ते म्हणाले, "घरी जाऊन काय करू, झोप तं येत नाई." वीणा गळ्यात घ्यायच्या आधी त्यांनी पद्धतीप्रमाणे वाकून माझ्या पायाला हात लावला. वीणेकऱ्याच्या पाया पडायची रीतच आहे, त्यांनी काही टोमणा म्हणून केलं नाही. पण त्या वेळी माझ्या एका हातात मोबाईल होता अन् स्क्रीन चालू होती.

मी घरी गेलो नाही, सतरंजीवर बसून राहिलो. बाबांचा आवाज फार काही नाही, बसलेला आहे, मधात थांबून उपरण्यानं नाक पुसत होते, ताल तर कधीच सुटला होता. एकदा मूर्तीकडे पाहून म्हणाले, "पोरीचा ताप उतरू दे रे बावा," अन् पुन्हा रामकृष्ण हरी सुरू.

आता यावर कोणी म्हणेल की पाहा, त्यांचीही भक्ती काही निष्काम नव्हती, मागणं होतंच. होतं ना. मीही तिथं बसून हाच हिशोब लावत होतो, स्वतःला थोडं बरं वाटावं म्हणून. पण ते ज्याच्यासमोर उभे होते त्याच्याचजवळ मागत होते. मी उभा होतो विठोबासमोर अन् मागत होतो फेसबुकवाल्यांजवळ. सकाळपर्यंत त्या फोटोला एकशे चौदा लाईक आले. तुमच्यातल्या सगळ्यांचे आहेत त्यात, अध्यक्ष दादांनी तर हात जोडलेले तीन टाकले. फोटो अजून आहे तिथं. काढतो काढतो म्हणता काढला नाही.

दुसरी गोष्ट वर्गणीची, ही लिहायला जास्त जड जाते.

मागच्या पौषात माझ्याकडं फरदडीची वेचणी चालू होती. फरदड म्हणजे हंगाम संपल्यावरही उभी ठेवलेली कपाशी, तिची बोंडं बारीक, अर्धी किडकी, दिवसभर वाकून बाईचे किलो भरत नाहीत. बायांनी काट्याजवळ थांबून म्हटलं, भाऊ, किलोमागं दोन रुपये वाढवा, पुरत नाही. मी म्हटलं कापसाला भाव कुठं आहे, मी कुठून आणू, अन् वरून चार गोष्टी ऐकवल्या की खताचे काय, फवारणीचे काय. खोट्या नव्हत्या त्या गोष्टी. कास्तकाराची हालत मी तुम्हाला सांगायची गरज नाही. पण माझा हिशोब होता आठ क्विंटलचा, दोन रुपयानं सोळाशे रुपये झाले असते. सोळाशे.

त्यानंतर बारा-तेरा दिवसांनी महाप्रसादाच्या आकड्यांची रात्र. माईकवर मीच होतो. माझ्या चुलतभावानं एक्कावन्नशे सांगितले. मी ते माईकवर वाचले, लोकांनी टाळ्या वाजवल्या, अन् माझ्या तोंडून निघालं की माझ्याकडून अकरा हजार. विचार करून नाही निघालं. एक्कावन्नशेच्या वर निघालं पाहिजे म्हणून निघालं. पुंडलिक वरदा झालं, नाव तीनदा घेतलं गेलं, त्यातलं एकदा मीच घेतलं. ज्या बाईनं दोन रुपये मागितले होते ती पंगतीत मागच्या लाईनीत बसली होती, नातवाला घेऊन. वाढायला मी तिच्यापर्यंत पोहोचलो तं म्हणाली, "मोठं मन हाय भाऊचं." टोमणा होता की खरं म्हणत होती, मला आजपर्यंत समजलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही. बुंदी जास्त वाढली तिच्या द्रोणात.

(खजिनदार काकाजींना माहीत आहे, त्या अकरा हजारातले तीन हजार अजून माझ्याकडं बाकी आहेत. टाळ्या पूर्ण अकराच्या घेतल्या.)

सातव्या दिवशी आळंदीकडं शिकून आलेले महाराज होते, वयानं तरुण, आठवत असतील. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायातल्या ज्ञानाच्या लक्षणांवर बोलले. अमानित्व झालं, म्हणजे मान न मागणं, मग अदंभित्व, म्हणजे दिखावा न करणं. माऊलींनी तिथं उपमांची रांगच लावली आहे, लोभी माणूस जीव गेला तरी पुरलेल्या धनाची जागा सांगत नाही तसं आपलं पुण्य झाकून ठेवावं वगैरे, अन् त्यात एक शेतकऱ्याची आहे, की शेतकरी जसं पेरलेलं बी मातीखाली झाकतो तसं दान-पुण्य झाकावं. महाराजांनी दोन मिनिटांत उरकलं अन् पुढं गेले. मी मात्र तिथंच अडकलो. कारण ही गोष्ट आम्हाला कोणी शिकवावी लागत नाही. सरकी टोबली अन् पायानं माती नाही ओढली तं काय होते? चिमण्या आहेत, खारी आहेत, मोर आहेत, अन् काही नाही तं ऊन आहेच, चार दिवसांत बी वाळून फुका जाते. वर दिसणारं बी कोणाच्याच कामाचं नसते, पेरणाऱ्याच्या तर नाहीच. सातशे वर्षांआधी आळंदीच्या माणसाला हे माहीत होतं आणि मी बी उघडं टाकून वरून त्याचा फोटो काढतो.

आणि तेव्हा मी काय करत होतो? फेसबुक लाईव्ह. अदंभित्वाचं लाईव्ह. एक डोळा महाराजांकडं, एक डोळा किती जण पाहून राहिले त्याच्याकडं. तेवीस होते.

नंतर घरी आल्यावर वडिलांची जुनी गीता काढली. सतराव्या अध्यायात अगदी याचंच लिहिलेलं आहे, सत्कार व्हावा, मान मिळावा, लोकांनी पूजा करावी म्हणून दिखाव्यानं केलेलं तप ते राजस, आणि त्याला दोन शब्द लावलेत, चल आणि अध्रुव. म्हणजे डगमगणारं, न टिकणारं. दोन श्लोक सोडून पुढं दानाचं आहे, फेड मिळावी म्हणून किंवा जिवावर आल्यासारखं दिलेलं दानही राजसच. तामस म्हटलं नाही, तेवढं समाधान. पण चल म्हणजे काय ते मला त्या रात्री दोन ते चारमध्ये कळलेलं होतं, बघणारे झोपले तशी माझी भक्ती पंचवीस मिनिटांत खाली बसली.

आता हे फक्त माझंच आहे असं म्हणून तुम्हाला सोडून देणार नाही. २० डिसेंबर घ्या. गाडगेबाबांचं शेंडगाव आपल्यापासून काही फार लांब नाही, १९५६ साली याच तारखेला वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर बाबा गेले, आपल्या आज्या-पणज्यांनी त्यांना खराटा घेऊन गाव झाडताना पाहिलेलं आहे. दिवसा झाडायचं, रात्री कीर्तन, अन् पायाला हात लावू द्यायचा नाही. मागच्या पुण्यतिथीला आपण काय केलं? नवे सहा खराटे आणले, त्यांची पॅकिंगची सुतळीही सोडली नव्हती, ग्रामपंचायतीसमोर उभे राहिलो, तिथं आदल्या दिवशीच झाडलेलं होतं म्हणून फोटोत कचरा दिसेना, तेव्हा एका पोट्ट्यानं निंबाखालचा पाला आणून पसरवला. मग तो पाला आपण झाडला. पाच मिनिटं. शाळेमागच्या नालीत अन् बसस्टँडच्या मुतारीकडं कोणी गेलं नाही. त्या पोट्ट्याला दोष देत नाही, पाला आण असं म्हणणारा मीच होतो.

पण लोकांसमोर केलेली भक्ती सगळीच खोटी, असंही मला म्हणायचं नाही, अन् कोणी तसा अर्थ काढून ग्रुपवर भांडण लावू नका. मी एकदा मोझरीला तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीला गेलो होतो. दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी मौन असते, १९६८ साली महाराज गेले ती वेळ. एवढा लोकांचा समुद्र, लहान लेकरं, बुढ्या बाया, भगव्या टोप्या, मैलभर गलका चाललेला, अन् त्या मिनिटाला सगळं थांबते. फेरीवाला थांबते. लेकरू रडते तेवढं ऐकू येते. ते लाखाच्या वर लोकांसमोरच होते ना, त्यापेक्षा जाहीर काय असू शकते? पण तिथं कोणी कोणाला काही दाखवू शकत नाही, कारण सगळेच सारखे गप उभे असतात, मोठा कोण छोटा कोण समजायची सोय नाही. माझ्या अंगावर काटा आला होता. हातही खिशात मोबाईलवर गेला होता, खोटं कशाला बोलू. पण काढला नाही. तेवढी माझी कमाई.

शेगावलाही तसंच. आपण दोन मुक्काम करून पायी जातो, पाठीवर नाव छापलेले टी-शर्ट घालून, दर गावाला फोटो, डीजे पुढं. अन् तिथं पोहोचलो की जोडे ठेवायच्या खिडकीवर एक पांढऱ्या कपड्यातला माणूस आपले चिखलाचे बूट हातानं उचलून घेते अन् म्हणते, या माऊली. तो कोण होता, मास्तर की वकील की मजूर, कुठल्या गावचा, आपल्यापैकी एकालाही माहीत नाही. त्याच्या छातीवर नाव नसते.

अन् आपल्याच गावातलं घ्या. तुकडोजी महाराजांची सामुदायिक प्रार्थना रोज संध्याकाळी होते का नाही? होते. किती जण असतात? पाच. पाऊस असला की तीन. तिथं मी वर्षातून किती वेळा जातो ते विचारू नका. सप्ताहात दोन हजार अन् प्रार्थनेत पाच, मधले एकोणीसशे पंच्याण्णव कोणासाठी येतात? बुंदीसाठी येत असतील तं चांगलंच आहे, भूक खरी असते. माझ्यासारख्याचं काय?

गव्हाचं सांगायचं राहिलं. सप्ताहाचा गहू घरोघरी फिरून गोळा होतो. कोणी पायली देते, कोणी दोन, माझी माय शेरानं मोजून टिनाच्या डब्यात टाकते अन् वरून एक मूठ जास्तीची. पैशाची पावती फाटते, गव्हाची फाटत नाही. पैशाचं नाव माईकवर, गव्हाचं नाही. मी इतकी वर्षं माईकवर आहो, एका बाईचं नाव गव्हासाठी मी वाचलेलं नाही, अन् अख्खी पंगत त्या पोळ्यांवर उठते. पोळ्या लाटतात त्याही त्याच. मागच्या फ्लेक्सवर मी मोजले, एकेचाळीस फोटो होते, बाई एक नाही. सरपंच बाई आहेत आपल्या, त्यांच्या जागी त्यांच्या मिस्टरांचा होता. मायला एकदा विचारलं होतं, तुझं नाव वाचायचं का, तं म्हणाली, "कायले, देवाले का मोजता येत नाई?" मग मूठ जास्त कायले टाकते म्हटलं, तर म्हणाली माप कमी भरलं असन तं. आता यात भक्ती किती अन् सवय किती ते मला नाही सांगता येत, तिलाही नसेल येत. तिनं त्याच्यावर कधी पत्र लिहिलं नाही, येवढा फरक.

खजिनदार काकाजी काय म्हणतील ते मला पाठ आहे. नावं नाही वाचली तर पैसे देईन कोण, मंडप कसा होईल, महाराजांचं पाकीट, आचाऱ्याची मजुरी, किराण्याची उधारी कोण भरेल. काकाजी, बरोबर आहे तुमचं. मी स्वतः त्याचा पुरावा आहो, नाव वाचणार नसते तर माझे अकरा हजार निघालेच नसते, शंभर-दोनशेवर भागलं असतं. म्हणजे माझ्या दिखाव्यानं दोनशे माणसं जेवली, हेही खरंच. मला याचं उत्तर सापडलेलं नाही. दिखाव्याच्या पैशातून झालेली भाजी खाणाऱ्याला तर कडू लागत नाही. पण दोन गोष्टी विचारतो. पलीकडच्या गावानं चार भोंगे लावले म्हणून आपण सहा लावले, त्यातले दोन सरळ त्यांच्याच दिशेनं तोंड करून, याचे पैसे कोणाच्या जेवणात गेले? काकड्याचे भोंगे पहाटे साडेचारला सुरू होतात, बारावीची पोरं परीक्षेला बसलेली, अन् २००० सालापासूनचा नियम आहे की रात्री दहा ते सकाळी सहा भोंगा बंद. कोणी तक्रार करत नाही कारण करेल तो धर्माच्या विरोधात. माझ्या शेजारच्या पोरीनं कानात कापूस घालून अभ्यास केला, तिच्या घरात तुळस आहे, तिची माय सप्ताहात पोळ्या लाटते. काकडा मंडपात बसून म्हटला तर विठोबाला ऐकू येत नाही का? माझा पहारा फक्त सहा ते आठ, म्हणून मला हे आधी सुचलं नाही.

मीटिंगमध्ये मी काय म्हणणार आहे ते आताच सांगतो, म्हणजे तिथं गोंधळ नको. सगळ्यांचे फोटो काढा असं मी म्हणत नाही, तो ज्याचा त्याचा प्रश्न, मला फक्त माझा नको. संगमरवराच्या फरशीवर देणगीदारात माझं नाव कोरलं आहे, ते खोडायला खर्च येईल, राहू द्या, समोर कुंडी ठेवा. पहाऱ्याच्या चिठ्ठ्या टाका. बारा पहारे, डब्यात चिठ्ठ्या, ज्याला जो निघेल तो, अध्यक्ष दादांना दोन ते चार निघाला तर दोन ते चार. अन् यंदा एक दिवस, एकच दिवस, पंगतीत नावं न वाचता जेवण होऊ द्या, पाहू काय होते ते, काकाजींचा तोटा झाला तर पुढच्या वर्षी पुन्हा वाचू. माईकवरून मी उतरतो. दुसरं कोणी बसवा, पण ज्याला बसवाल त्याला हे पत्र दाखवून बसवा.

हे पत्र मी तीनदा लिहून खोडलं आहे. पहिल्या वेळी लिहिताना माझ्या डोक्यात आलं की हे किती जण पुढं पाठवतील, कोणी म्हणेल का की भाऊनं काय हिंमत केली, अन् तिथंच पेन ठेवला. दुसऱ्या वेळी बायांना तो सोळाशेचा फरक देणार असं लिहिलं, मग वाटलं हे लिहिलं म्हणजे जाहीरच झालं, माईक नाही म्हणून काय झालं. मग वाटलं नाही लिहिलं तर देणार पण नाही मी, मला माहीत आहे मी कसा आहे. म्हणून लिहून ठेवतो, सोळाशे आधी त्यांचे, तीन हजार नंतर तुमचे. याच्यावर ग्रुपमध्ये टाळ्या टाकू नका. बायको पुन्हा हसेल.

अन् चिठ्ठ्या नाही टाकल्या तर मला दोन ते चार द्या. बाबांना यंदा सहा ते आठमध्ये उभं करा, हरिपाठाला, सगळ्यांसमोर, त्यांना आवडेल की नाही माहीत नाही, पण विचारा तरी. त्यांची नात बरी आहे, परवा शाळेत जाताना दिसली.

पहाऱ्याला येताना मी मोबाईल घरी ठेवून यायचा प्रयत्न करतो. खिशात दिसलाच तर काकाजी, तुम्ही तिथंच जमा करून घ्या, पावती फाडू नका.

तुमचाच,
मागच्या फ्लेक्सवर दुसऱ्या लाईनीत डावीकडून चौथा